रात्रपाळी, घरभाडं आणि ओपन माइक

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर लॉस एंजेलिसला आले. माझे यजमान मेक्सिकन-अमेरिकन आहेत, त्यांचं घर बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीत. सासरे बांधकामावर असताना पाठीला मार बसल्यापासून घरीच असतात, सासूबाई संध्याकाळी ऑफिसं झाडतात. धाकटा दीर २३ वर्षांचा, गोदामात रात्रपाळी करतो आणि घरभाड्यात महिन्याला ७०० डॉलर देतो. जेवायला बसलो की तो आम्हाला हसवून लोळवतो. लहानपणी आईच्या आवाजात वीज कंपनीला फोन करून बिलाची मुदत वाढवून घ्यायचा, हा त्याचा किस्सा तर कितीही वेळा ऐकला तरी पोट दुखेपर्यंत हसायला येतं. आता म्हणतो, नोकरी सोडून स्टँडअप करणार. एका ठिकाणी दहा माणसं आणलीस तर पाच मिनिटं मंच देऊ, असं त्याला सांगितलंय. ६०० डॉलरचा एक कोर्सही त्याने बघून ठेवलाय. यजमान याला पोरखेळ म्हणतात. सासूबाई म्हणतात, आपली गरिबी लोकांना हसायला का द्यायची? मला मात्र त्याच्यात काहीतरी दिसतं. मी त्याला काय सांगू?
– स., लॉस एंजेलिस

उत्तर

स. ताई,

त्याला नोकरी सोडू देऊ नका आणि स्टँडअपही सोडू देऊ नका. स्टँडअपच्या आड नोकरी येत नाही, रात्रपाळी येते. आधी ती बदलायची.

लॉस एंजेलिसमधले बहुतेक ओपन माइक (कुणीही नाव लिहून काही मिनिटं मंचावर जायचं, असे कार्यक्रम) संध्याकाळी सात ते अकरा या वेळात चालतात. रात्री दहाला गोदामात हजर व्हायचं असेल, तर नाव लिहून नंबर येईपर्यंत बसणं जमणार नाही, आणि नवख्याचा नंबर उशिराच येतो. म्हणून पहिलं काम म्हणजे सुपरवायझरकडे पाळी बदलण्याचा लेखी अर्ज. पहाटे चार-पाचला सुरू होऊन दुपारी सुटणारी पाळी सर्वांत बरी, कारण दुपारी दोन-तीन तास झोप काढून संध्याकाळ मोकळी मिळते. काही गोदामांत दहा-दहा तासांचे चार दिवस आणि तीन दिवस सुट्टी अशीही सोय असते, तीही विचारावी. रात्रपाळीचा जादा भत्ता जाईल. तो तासाला एक-दीड डॉलर धरला तर महिन्याला साधारण १६० ते २४० डॉलरचा खड्डा. हा खड्डा कुठून भरायचा ते घरात आधी ठरवा. ७०० डॉलरमधले शंभर डॉलर वर्षभरासाठी तुम्ही दोघांनी उचलायचे का, हा प्रश्न यजमानांपुढे आकड्यासकट मांडा. ‘तो कॉमेडी करणार’ हे ऐकून माणूस चिडतो. ‘वर्षभर महिन्याला शंभर डॉलर’ यावर निदान बोलणं तरी होतं.

नोकरी सोडून उडी घेतल्याच्या कहाण्या तुमच्या दिराने नक्की ऐकल्या असणार. गॅब्रिएल इग्लेसियस या कॉमेडियनची तर प्रसिद्धच आहे. लाँग बीचला सरकारी मदतीच्या घरात, एकट्या आईने वाढवलेल्या सहा भावंडांतला हा सर्वांत धाकटा. १९९७ मध्ये त्याने मोबाइल फोन कंपनीतली नोकरी सोडली आणि २०२२ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसचं डॉजर हे बेसबॉलचं स्टेडियम भरवलं. या कहाणीचा मधला भाग मात्र भरभर सांगितला जातो. नोकरी सोडल्यावर त्याला भाड्याचं घर खाली करावं लागलं आणि गाडीही गेली. लॉस एंजेलिसमध्ये गाडी गेली म्हणजे कार्यक्रमाला जायचं साधनच गेलं. तुमच्या दिराच्या बाबतीत घर गेलं तर ते एकट्याचं जाणार नाही, सासू-सासऱ्यांचंही जाईल. पाठीशी कुणी नसलेल्या घरातल्या मुलाने दुसऱ्याच्या नशिबाचा हिशेब आपल्या खात्यावर मांडू नये.

(जाता जाता एक गोष्ट. ते स्टेडियम चावेझ रवीन या वस्तीच्या जागेवर उभं आहे. १९५० च्या दशकात तिथून मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना उठवलं होतं. त्याच जागी एका मेक्सिकन-अमेरिकन मुलाने एकट्याच्या विनोदावर माणसांनी भरलेल्या रांगा पाहिल्या, याचं मोल बॉइल हाइट्समधल्या माणसाला आम्ही सांगायला नको.)

आता किती वेळ लागतो ते बघू. एका ओपन माइकवर तीन ते पाच मिनिटं मिळतात. आठवड्याला चार माइक केले तर सोळा मिनिटं, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर आठशे मिनिटं, म्हणजे जेमतेम तेरा तास. वर्षभर राबून तेरा तास! म्हणून या धंद्यात सगळं सावकाश होतं आणि म्हणूनच पोटापाण्याची सोय बाजूला लागते. पहिल्या वर्षाअखेरीस कुठल्याही अनोळखी खोलीत चालतील अशी पाच मिनिटं हाताशी आली, तर वर्ष सत्कारणी लागलं असं आम्ही म्हणू. क्लबमध्ये सूत्रसंचालन करायला दहा-पंधरा मिनिटांचा ऐवज लागतो, तिथवर यायला अडीच-तीन वर्षं. मुख्य कलाकाराच्या आधी येणाऱ्या ‘फीचर’ला पंचवीस-तीस मिनिटं, त्याला आणखी दोन-तीन वर्षं. पंचेचाळीस ते साठ मिनिटं करणारा हेडलायनर हा त्याच्याही पुढचा टप्पा. सूत्रसंचालकाला बऱ्याच क्लबांत एका खेळाचे २५ ते ५० डॉलर मिळतात, फीचरला शंभराच्या आसपास. पैशांची ही पातळी त्याला आजच सांगून टाका, म्हणजे तिसऱ्या वर्षी फसवणूक झाल्यासारखं वाटणार नाही. १९७९ पर्यंत तर सनसेट बुलेव्हार्डवरच्या कॉमेडी स्टोअर या क्लबमध्ये बहुतेकांना छदामही मिळत नव्हता. त्या वर्षी कलाकारांनी संप केला तेव्हा कुठे एका सेटमागे, म्हणजे मंचावरच्या एका फेरीमागे, २५ डॉलर सुरू झाले.

ओपन माइकचा खर्च फार नसतो. कुठे पाच डॉलर फी, कुठे एक कॉफी किंवा पेय घ्यावं लागतं. गाडीचं पेट्रोल आणि पार्किंग टाळायचं असेल तर बॉइल हाइट्सच्या मारियाची प्लाझा स्टेशनहून मेट्रोची ई लाइन, सेव्हन्थ स्ट्रीटला बदलून बी लाइन, की हॉलिवूड आणि नॉर्थ हॉलिवूड दोन्ही हाताशी येतात. मेट्रोचं भाडं १.७५ डॉलर आहे आणि टॅप कार्ड वापरलं तर आठवड्याला १८ डॉलरच्या वर कापलं जात नाही. रात्री उशिरा गाड्या विरळ होतात, तेव्हा परतीची वेळ बघूनच नाव लिहावं.

पहिले दोन आठवडे त्याने मंचावर चढू नये. चार वेगवेगळ्या ठिकाणी नुसतं मागे बसून बघावं: नाव कसं लिहितात, चिठ्ठ्या टाकतात की आधी येईल त्याला आधी, दिवा कधी लागतो. बहुतेक ठिकाणी एक मिनिट उरलं की मागून लाल दिवा किंवा मोबाइलचा उजेड दाखवतात. तो दिसला की चालू विनोद संपवून खाली उतरायचं. नवखे सर्वांत जास्त इथेच घसरतात. हशा मिळत असला की उतरवत नाही आणि हशा मिळत नसला की ‘एक चांगला आहे, तो सांगून जातो’ म्हणत दोन मिनिटं जास्त खातात. चालवणाऱ्याच्या लक्षात विनोद राहत नाही, ती दोन मिनिटं राहतात.

दुसरी गोष्ट त्याला आधीच बजावून ठेवा. ओपन माइकला समोर प्रेक्षक नसतात, दुसरे कलाकार असतात. ते आपापल्या वहीत नाहीतर फोनमध्ये डोकं घालून बसलेले असतात. जेवणाच्या टेबलावर तुम्ही सगळे जो हशा देता, त्यात त्याच्यावरची माया आणि सासूबाईंना ओळखत असल्याची मजा मिसळलेली असते. मंचावर यातलं काहीच नसतं. पहिले तीन महिने बहुतेक शांततेत जातील, त्यावरून त्याच्या कुवतीचा निवाडा करू नये. दर वेळी फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून शब्द न् शब्द लिहून काढायचा. कुठे हशा आला तिथे खूण, कुठे स्वतःच अडखळला तिथे दुसरी खूण. एकच तीन मिनिटांचा ऐवज निदान दहा माइकवर जसाच्या तसा करायचा, दर वेळी फक्त एक-दोन ओळी बदलायच्या. रोज नवं काही करणाऱ्याला कशामुळे हसले आणि कशामुळे नाही हे कधीच कळत नाही.

आता तो वीज कंपनीचा किस्सा. खरं सोनं त्यातच आहे, म्हणून जरा जवळून बघू.

घरी तो बहुधा असा सांगत असेल: आमच्याकडे खूप गरिबी होती, आईला इंग्रजी यायचं नाही, बाबा दोन-दोन कामं करायचे, बिल थकलं की फोन मला करावा लागायचा, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, मग मी आईसारखा आवाज काढायचो... हे सगळं म्हणायला चाळीस सेकंद लागतात आणि तोवर कुणी हसत नाही. तीन मिनिटांतली चाळीस सेकंदं! शिवाय सुरुवातीलाच ‘गरिबी’ म्हटलं की अनोळखी माणूस हळहळायच्या तयारीला लागतो. हळहळणारा माणूस हसत नाही, हसला तर त्याला अपराधी वाटतं.

त्याऐवजी असं: ‘मी नऊ वर्षांचा होतो, पण वीज कंपनीच्या लेखी मी छत्तीस वर्षांची बाई होतो.’ पाच-सहा सेकंदांत पहिला हशा. पुढची ओळ लगेच: ‘वीज तोडायची नोटीस आली होती, उद्याची.’ ही ओळ विनोदी नाही, पण ती लागतेच. कारण पुढे टीव्ही येणार आहे आणि वीज तोडलेली नाही हे आधी कळलं नाही, तर प्रेक्षक ‘मग टीव्ही कसा चालू?’ यात अडकतो आणि हशा हातचा जातो. मग संवाद:

‘मॅडम, मागे कार्टून लागलंय का?’
‘हो. माझा नवरा बघतोय.’
‘मग जरा त्यांच्याशी बोलू का?’
‘तो झोपायला चाललाय. उद्या त्याची शाळा आहे.’

मंचावर तो हे इंग्रजीत म्हणेल. तेव्हा ‘नवरा’ आणि ‘शाळा’ हे शब्द वाक्याच्या अगदी शेवटी पडले पाहिजेत. हशा ज्या शब्दावर फुटतो त्याच्यामागे एक शब्द जरी आला, तरी तो हशात बुडतो किंवा हशाच थांबवतो. ‘शाळा आहे’ ही खरं तर शेपटी आहे, आधीच्याच मांडणीवर फुकटात मिळालेला दुसरा हशा. अशा आणखी दोन शेपट्या त्याने शोधाव्यात. पोरगा कंपनीच्या माणसाशी ‘या वयात पाठ फार दुखते हो’ म्हणून गप्पा मारायला लागतो, अशा वळणाच्या.

यात ‘गरीब’ हा शब्द कुठेच आला नाही, तरी घर सगळं दिसलं. आणि हसू आईवर नाही, आईच्या इंग्रजीवर तर नाहीच. हसू आहे नऊ वर्षांच्या पोराच्या आत्मविश्वासावर आणि नियमाला धरून बसलेल्या कंपनीवर. त्याने आईच्या उच्चारांची नक्कल करणं मात्र टाळावं. तो सर्वांत सोपा हशा आहे, पण परक्या वस्तीतले लोक त्यावर हसतात तेव्हा ते नेमके कशाला हसताहेत हे त्याला घरी गेल्यावर टोचेल. नक्कल करायचीच तर फोनवरच्या त्या माणसाच्या थंड, सौजन्यपूर्ण आवाजाची करावी.

लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या, घरांमधल्या मुलांचा आणखी एक ठरलेला खड्डा आहे. आई चप्पल फेकून मारते, बिस्किटांच्या निळ्या डब्यात सुई-दोरा असतो, कुठल्याही दुखण्यावर व्हिक्स चोळतात, हे सगळं खरं आहे आणि हजारो लोकांनी मंचावर सांगून झिजवलंय. (डबा आणि व्हिक्स आपल्याकडेही तसेच आहेत, म्हणून तुम्हाला ते नवं आणि आपलं वाटेल.) त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही ओळ शेजारच्या घरातला मुलगा जशीच्या तशी म्हणू शकेल का? शकत असेल तर अजून खोल जायचं. चप्पल सगळ्यांकडे असते. वीज कंपनीच्या नोंदीतली छत्तीस वर्षांची बाई त्याच्याकडेच आहे.

आणि ‘लॅटिनो प्रेक्षक’ असा एक गठ्ठा नसतो. बॉइल हाइट्समध्ये मेक्सिकन, वेस्टलेकला साल्वाडोरन आणि ग्वाटेमालन, न्यूयॉर्कला पोर्तोरिकन आणि डोमिनिकन, मायामीला क्युबन. एकाच्या घरातला रोजचा शब्द दुसऱ्याला अनोळखी, कधी अश्लीलही. स्पॅनिश शब्द वापरताना तो न समजणाऱ्यालाही आजूबाजूच्या वाक्यांतून अर्थ लागेल अशी मांडणी हवी, आणि हशा ज्यावर फुटतो तो शब्द इंग्रजीच असावा. निदान पहिल्या पाच मिनिटांत तरी. तोच ऐवज त्याने बॉइल हाइट्सच्या बारमध्ये, बरबँकच्या क्लबमध्ये आणि एखाद्या कॉलेजच्या कॅफेत करून बघावा. तिन्हीकडे टिकतील त्या ओळी ठेवायच्या. त्याचं स्पॅनिश घरापुरतं नसेल, खरंच वाहतं असेल, तर स्पॅनिशमधलेही कार्यक्रम शोधावेत. मेक्सिकोतल्या मॉन्टेरीच्या फ्रँको एस्कामियासारखे लोक अमेरिकेत स्पॅनिशमध्ये कार्यक्रम करून मोठी थिएटरं भरवतात.

आता दहा माणसांबद्दल. याला इथे ‘ब्रिंगर शो’ म्हणतात. हिशेब करा. २० डॉलरचं तिकीट, वर दोन पेयं घेण्याची सक्ती, त्यावर कर आणि टिप. माणशी चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात. दहा जणांचे चारशे ते पाचशे डॉलर, पाच मिनिटांसाठी, आणि ते देणार कोण? सासूबाईंच्या बहिणी, यजमानांचे मित्र, गोदामातले सोबती. ही माणसं एकदा येतात, फार तर दोनदा. तयारी नसताना त्यांना खर्ची घातलं, तर खरी गरज असेल तेव्हा कुणी येणार नाही. वर चित्रफितीचे पैसे वेगळे मागतात. आमचं स्पष्ट मत: पहिल्या वर्षात एकही ब्रिंगर नाही. पुढे पाच मिनिटं घट्ट झाल्यावर चांगल्या उजेडात, चांगल्या आवाजात चित्रफीत हवी म्हणून एखादा केला तर ठीक.

६०० डॉलरच्या कोर्सचंही तसंच. तितक्या पैशांत पाच डॉलरचे एकशेवीस माइक होतात. कोर्समधून शिस्त आणि ओळखी मिळतात, हे खरं आहे. पण ज्याने अजून एकदाही माइक हातात धरला नाही त्याला काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. सहा महिन्यांनंतरही जावंसं वाटलं तर जावं.

‘आम्ही तुला पुढे आणू, आधी नोंदणीचे इतके पैसे भर’ असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ निघून यायचं. कॅलिफोर्नियात प्रतिनिधित्वासाठी आगाऊ पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे, २०१० पासून. एजंट काम मिळाल्यावर साधारण दहा टक्के घेतो, मॅनेजर दहा ते पंधरा, आणि काम मिळवून देणाऱ्या एजंटकडे राज्याच्या लेबर कमिशनरचा परवाना लागतो. कुठल्याही कागदावर त्याने त्याच रात्री सही करू नये.

खरा फुकटचा रस्ता वेगळाच आहे आणि तो गरीब घरातल्या मुलांनीच पाडलाय. सिनालोआहून आलेल्या शेतमजूर कुटुंबातला पॉल रॉड्रिगेझ कॉमेडी स्टोअरच्या दारावर उभा राहत होता. टेक्सासमधली क्रिस्टेला अलोन्झो, जिचं बालपण आई-भावंडांबरोबर एका ओसाड पडलेल्या खानावळीत गेलं, ती डॅलसजवळच्या एका कॉमेडी क्लबच्या ऑफिसात नोकरीला होती. २०१४ मध्ये मोठ्या वाहिनीवर स्वतःची मालिका निर्माण करून तीत मुख्य भूमिका करणारी ती पहिली लॅटिना ठरली. क्लबमध्ये दारावर, लोकांना बसवायला, फोन घ्यायला माणसं लागतात. पगार किमान वेतनाच्या आसपास, लॉस एंजेलिस शहरात ते २०२५ च्या जुलैत तासाला १७.८७ डॉलर झालं. आठवड्यातून दोन संध्याकाळी असं काम मिळालं, तर भत्त्याचा खड्डा भरून निघतो, उत्तम कलाकार फुकट बघायला मिळतात, आणि ऐन वेळी कुणी आलं नाही तर आयोजकाची नजर आधी दारावरच्या ओळखीच्या माणसाकडे जाते. तीन-चार महिने माइक करून चेहरा ओळखीचा झाला की त्याने विचारावं. पहिल्याच दिवशी नाही.

टीव्हीच्या दारावर मात्र फार भिस्त ठेवू नये. ते दार लॅटिनोंसाठी उघडलं, पण दशकातून एखाद्या वेळी. १९७४ मध्ये फ्रेडी प्रिन्झ, १९८४ मध्ये रॉड्रिगेझ, आणि त्याची मालिका सहा भागांत बंद. मग २००२ मध्ये जॉर्ज लोपेझ, ती सहा पर्वं चालली. मग अलोन्झो, एकच पर्व. यातलं एकही त्या कलाकाराच्या हाती नव्हतं. आपल्या वस्तीतला प्रेक्षक बांधणं हाती असतं. टाकेरियाचा, म्हणजे टाको विकणाऱ्या खानावळीचा, मागचा हॉल, बिअरची ब्रुअरी, जिथे सोमवारी-मंगळवारी खुर्च्या रिकाम्या असतात, तिथल्या मालकाला भेटायचं. पेयांची विक्री तुमची, तिकिटांचे पैसे आमचे. सहा कलाकार, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं, एक बरा स्पीकर, एक वायरचा माइक. वायरलेस स्वस्तातला घेतला तर मध्येच बोलणं तुटतं. खुर्च्या एकमेकींना चिकटून, मंचाच्या जवळ. चाळीसच्या खोलीत विखुरलेली वीस माणसं हसत नाहीत, तीच वीस पुढे दाटीने बसवली तर हसतात. टीव्हीवरचा सामना बंद करून घ्यायचा. तो मूक ठेवला तरी खेळ पडतो. दुसऱ्या वर्षी त्याने असा महिन्यातून एक कार्यक्रम चालवायला घ्यावा. आपल्या कार्यक्रमात दुसऱ्याला जागा दिली की दुसरेही देतात. अलिसो व्हिलेजच्या सरकारी चाळींत वाढलेला फेलिपे एस्पार्झा, म्हणजे तुमच्याच बॉइल हाइट्सचा, २०१० मध्ये राष्ट्रीय पातळीवरची टीव्ही स्पर्धा जिंकला, पण त्याआधी कित्येक वर्षं तो छोट्या-मोठ्या मंचांवरच घासत होता.

सासूबाईंचं म्हणणं आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो. घरची धुणी चव्हाट्यावर आणू नयेत असं त्यांना वाटतं, आणि ती फक्त लाज नाही. ज्या बाईने लोकांची ऑफिसं झाडून मुलं मोठी केली, तिला आपल्या कष्टांची थट्टा नको असणार. त्याने त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्यावर एक ओळही करू नये. विचारायचं म्हणजे ‘तुझ्यावर विनोद करू का’ असं नव्हे, तर तो वीज कंपनीचा किस्सा शेवटच्या शब्दापर्यंत त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे करून दाखवायचा. नको म्हणाल्या तर नातं बदलता येतं. जॉर्ज लोपेझला आजीने वाढवलं. त्याच्या मालिकेतली खडूस आई त्या आजीवरूनच बेतलेली होती. आई मावशी होते, बाबा घरमालक होतात, विनोद तसाच राहतो.

एका बाबतीत मात्र त्यांच्या परवानगीचाही प्रश्न येत नाही. नात्यातल्या, शेजारच्या, कामावरच्या कुणाच्याही देशात राहण्याच्या कागदपत्रांबद्दल मंचावर अवाक्षर नको, गमतीतही नको. कोण कधी आलं, कसं आलं, कुठे रोखीने काम करतं, काही नाही. तुमच्या घरात कुणाची काय स्थिती आहे हे आम्हाला माहीत नाही आणि कळवूही नका. खोलीतली चाळीस माणसं विसरतील, पण कुणीतरी काढलेली चित्रफीत नाव-गाव-चेहऱ्यासकट राहते. रस्त्याचं नाव, कंपनीचं नाव, सासूबाई झाडतात त्या इमारतीचं नाव, हेही नको. स्वतःच्या चित्रफितीही त्याने पहिल्या वर्षात टाकूच नयेत. अर्धाकच्चा विनोद लोकांनी पाहिला की पुढे तो पिकल्यावरही शिळा वाटतो.

पैशाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायची. कार्यक्रमाचे मिळालेले डॉलर, फी, गाडीचे मैल, पार्किंग, तारखेसकट एका वहीत. कलाकाराला क्लब पगार म्हणून नव्हे, स्वतंत्र कामाचे पैसे म्हणून देतात, म्हणजे त्यातून कर कापलेला नसतो. खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त उरले की त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो, नेहमीचा आयकर वेगळा. त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक पैशातला चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवावा. कमी उत्पन्नाच्या लोकांना आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, व्हीटा केंद्रांत विवरणपत्र फुकट भरून मिळतं.

मग नोकरी सोडायची कधी? आमच्या मते तीन गोष्टी जमल्या की. सलग बारा महिने कॉमेडीतून, खर्च वजा जाता, गोदामाच्या पगाराच्या निम्मे पैसे येत असतील. घरभाड्यातला त्याचा सहा महिन्यांचा वाटा, म्हणजे ४२०० डॉलर, बँकेत पडून असेल. आणि आरोग्यविमा दुसरीकडून जमला असेल. कॅलिफोर्नियात एकट्या माणसाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल (२०२५ मध्ये ती वर्षाला साधारण साडेएकवीस हजार डॉलर होती) तर मेडी-कॅल हा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा मिळू शकतो, त्याच्या वर कव्हर्ड कॅलिफोर्निया या राज्याच्या विमा-बाजारातून अनुदानित विमा. तीनपैकी दोन जमल्या तर आधी अर्धवेळ करून बघावं.

राहिला तुमचा वाटा. त्याच्या पहिल्या माइकला घरातलं कुणीही जाऊ नका, तुम्हीसुद्धा. ओळखीचा एक चेहरा दिसला की तो त्याच्यासाठीच बोलायला लागेल आणि रेकॉर्डिंगमध्ये तुमचंच हसू ऐकू येईल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जा, मागे बसा, आणि त्याच्याकडे न बघता लोकांकडे बघा: फोन कुठल्या वाक्याला खाली गेले, कुठल्या वाक्याला पुन्हा वर आले. ते वाक्यागणिक लिहून त्याला दुसऱ्या दिवशी द्या, त्याच रात्री नको. पैशाची मदत करायची असेल तर आठवड्याचे ते १८ डॉलर मेट्रोचे भरा. सासूबाईंना न्यायचं ते टाकेरियातल्या त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमाला, त्यांनी तो किस्सा ऐकून हो म्हटलं असेल तरच.